मन्नानभाईला सांगायचं राहिलं होतं

पोळा होऊन चार दिवस झाले होते. अमरावतीच्या एका दवाखान्यात गुणवंता उशीला टेकून बसला होता, नाकात नळी, अंगावर घरची गोधडी, आणि मी शेजारच्या खुर्चीत अवघडून, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यासारखा. दीड वर्षापासून आमचं बोलणं नव्हतं. वहिनींचा फोन आला म्हणून अकोल्याहून सकाळची एसटी धरली होती, आणि मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं तरी मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर पोरांना बोलायला शिकवलं, पण त्या खोलीत माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं की, पंखा फार जोरात आहे, कमी करू का? तो हसला. मग दम खात खात म्हणाला, "मास्तर, एक काम हाय तुयाकडं. मन्नानभाईले तू सांगजो." काय सांगू, असं मी विचारलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या दोस्तानं असं विचारावं! त्याने माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "दसऱ्याले मी फोन करतो त्याले दरसाल, बाग कशी हाय ते सांगाले. यंदा मी नसन. तो मानूस वाट पायत बसन. सागरच्यानं हे होनार नाई, तूच कर." चौथ्या दिवशी सकाळी सागरचा, म्हणजे त्याच्या मुलाचा, फोन आला. उचलायच्या आधीच मला कळलं होतं.

मन्नानभाई म्हणजे बांगलादेशातल्या जेसोरकडचे फळांचे आडते. गुणवंता मोर्शीकडचा संत्रा बागायतदार आणि व्यापारी, घर राजापेठेत, माल भरायची शेड मोर्शी रोडला. वीसेक वर्षं त्याचा आंबिया बहार, म्हणजे दिवाळीच्या सुमारास तोडीला येणारं संत्रं, सीमेपलीकडे या एका माणसाकडे जात होता. आणि मी अकोल्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं भारताचं परराष्ट्र धोरण शिकवलं. शेजारी राष्ट्रं हा माझा खास विषय. त्यावर लेख लिहिले, भाषणं ठोकली, शाली घेतल्या, नारळ घेतले. तरी मन्नानभाईंना एक फोन लावायला मला पाच आठवडे लागले. का लागले ते सांगतो, पण आधी गुणवंताबद्दल सांगू द्या, नाहीतर या माणसाचं नाव नुसतं निरोपापुरतं राहील.

राजापेठेत आज जिथे दुचाकीवाल्यांच्या मधून पाय ठेवायला जागा शोधावी लागते आणि भिंती शिकवणीच्या पाट्यांनी झाकल्यात, तिथे एका गल्लीत आमची विद्यार्थीदशेतली खोली होती. दोघं एम.ए.ला, विषय राज्यशास्त्र. अभ्यास त्याचा, वह्या त्याच्या, आणि परीक्षेच्या आधी त्या वह्या माझ्याकडे. वर्गात सरांनी एकदा विचारलं होतं की मोठ्या देशाच्या शेजारी लहान देश असला तर तो कसा वागतो? मी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं. गुणवंता म्हणाला, "सर, आमच्या धुऱ्यावर असंच हाय. आमचं वावर मोठं न वरच्या अंगाले. पानी आमचंच, पन जाते बिचाऱ्या खालच्याच्या वावरात. तो वरडला का आमी म्हनतो, कटकट्या हाय." अख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत, त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. पहिलं वर्ष झालं, त्याच्या वडलांना अर्धांगवायू झाला, आणि तो बाग सांभाळायला निघून गेला. जाताना वह्या मला देऊन गेला. मी प्राध्यापक झालो त्यात त्या वह्यांचा वाटा किती होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्यालाही ते ऐकायची गरज नव्हती म्हणा... पण मला सांगायची होती.

मन्नानभाईंशी त्याची ओळख सीमेवरच झाली. सुरुवातीच्या वर्षांत तो मालासोबत ट्रकमध्ये बसून थेट बंगालच्या टोकापर्यंत जायचा. पासपोर्ट नव्हता, म्हणून फाटकाच्या अलीकडे हा आणि पलीकडे ते, मध्ये शिपाई. दोघांनी तिथूनच एकमेकांना हात जोडले आणि सलाम केला. नंतर वर्षानुवर्षं फोनवरच धंदा चालला. मन्नानभाईंचं हिंदी बंगालीत भिजलेलं, याचं वऱ्हाडीत, तरी एकमेकांचं सगळं कळायचं. मी एकदा शेडवर बसून हा संवाद ऐकला होता. पंधरा मिनिटांत संत्र्याचा विषय दोन मिनिटं आणि बाकी त्यांच्या मुलीचं बाळंतपण, याचा गुडघा, तिकडचा पूर. मी म्हटलं, "धंद्याचं काय बोललास?" म्हणे, "तेच तं बोलून राहिलो होतो."

या मैत्रीतला एक किस्सा तो रंगवून सांगायचा. आपल्याकडे सोयऱ्याधायऱ्याला संत्री पाठवायची तर ती देठाला दोन पानं ठेवून कापतात. पान टवटवीत म्हणजे फळ आजच्या तोडीचं, आणि पाठवणाऱ्याने जिवाभावाने पाठवलं. मंडीच्या मालाला पान नसतं, घरच्याला असतं. एका वर्षी मन्नानभाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. वहिनींनी विहिरीजवळच्या झाडांची संत्री स्वतः कात्रीने कापली, पानांसकट, आणि एक कॅरेट भरून ट्रकमध्ये मागच्या बाजूला ठेवून दिली. आता झाडाचं पान सीमेपार न्यायला मनाई असते, पानासोबत कीड जाते, रोग जातो, हे गुणवंतासारख्या मुरलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? पण लग्नघरी बोडकं फळ कसं पाठवायचं, हा प्रश्न त्याला मोठा वाटला. तपासणीत पानं सापडली आणि त्या एका कॅरेटपायी अख्खा ट्रक अडला. दोन दिवस. मन्नानभाई पोरीच्या लग्नाची तयारी सोडून फाटकावर येऊन बसले, अर्ज दिले, हातापाया पडले. शेवटी साहेब म्हणाला की पानं काढून इथेच जाळा आणि न्या. तेव्हा ते ताडपत्रीच्या सावलीत बसून एकेका संत्र्याचं पान खुडत राहिले आणि फोनवर याला शिव्या घालत राहिले. गुणवंता म्हणायचा, "मायबापानं देल्या नसन तेवढ्या शिव्या देल्या त्यानं मले. मंग म्हने, भाभीजी को बोलना बहुत मीठा है." पुढच्या वर्षी त्याने पान ठेवलं नाही. पण त्याला ते खटकत राहिलं.

मी त्याला एकदा आमच्या कॉलेजात बोलवलं होतं, पाहुणा वक्ता म्हणून. विषय फळ्यावर लिहिला, 'शेजारी राष्ट्रांशी संबंध आणि प्रादेशिक सुरक्षा'. गुणवंता संत्र्याचे दोन कॅरेट घेऊन आला, आधी पोरांना वाटले, मग फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सरायनं लय मोठं लिहून ठेवलं बाप्पा." पोरं खूश. मी तोवर त्यांना सांगत आलो होतो की आपण उगवती सत्ता आहोत, शेजारी आपल्याला भितात आणि आपल्यावर अवलंबूनही असतात, आपण तिकडे पूल बांधला की दुसरा मोठा देश बंदर बांधायला येतो, आपल्याला घुसखोरीची काळजी, त्यांना नदीच्या पाण्याची. यातलं काही खोटं नाही. गुणवंता म्हणाला, "हे सारं बरोबर हाय. आपन कांदा अडवला का त्यायच्या घरात कांदा महाग होते. मंग ते संत्र्यावर कर वाढवतात. नाशिकचा कांदा न मोर्शीचं संत्रं, दोघायची ओळखबी नाई एकमेकाशी. पन मार संत्र्याले बसते. दोन सरकारं वर्षभर रुसून राहू शकतात, फळ आठ दिवस नाई राहू शकत." मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, मग देशाने संत्र्यासाठी नमतं घ्यायचं का? गुणवंताने डोकं खाजवलं. "मोठ्यानं आधी बोलावं, इतकंच मले समजते. बोलल्यानं मोठा लहान होत नाई." मी समारोपात हे विचार भाबडे पण प्रामाणिक आहेत असं म्हणालो. भाबडे! आज आठवलं की स्वतःचेच कान पिळावेसे वाटतात.

मन्नानभाई एकदा इकडे येऊनही गेले. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनला कोलकात्यात आले होते, तिथून गाडीत बसून थेट बडनेऱ्याला उतरले, ज्या झाडांची फळं आपण वर्षानुवर्षं विकली ती झाडं बघायला. गुणवंताने त्यांना बाग दाखवली, मोझरीच्या आश्रमात नेलं. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत ते डोकं झाकून शेवटच्या रांगेत शांत बसले होते, असं वहिनी सांगतात. गुणवंताने मला तीन फोन केले की ये, माणूस भेटवतो, जेवण कर आमच्यासोबत. आणि मी त्या दिवशी कुठे होतो? दिल्लीत. शेजारी राष्ट्रांवरच्या चर्चासत्रात. लोकासांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय.

आता त्या दीड वर्षाबद्दल. तिकडे बांगलादेशात उलथापालथ झाली, सरकार गेलं, आपल्याविरुद्ध घोषणा सुरू झाल्या, इकडेही वातावरण तापलं. मला एका पुरवणीने लेख मागितला. मी लिहिला, आणि झणझणीत लिहिला. ढाक्याला आपली किंमत कळू द्या, व्यापार हेही हत्यार असतं, काही काळ दारं लावली तर कोणाचं अडतं ते दिसेल, असं बरंच काही. फोन आले, कौतुक झालं, मी फुगलो. तिसऱ्या दिवशी गुणवंता अकोल्याला दारात उभा. हातात पुरवणीचं ते पान. सीमेवर तेव्हा त्याचे दोन ट्रक चार दिवसांपासून रांगेत सडत होते, हे मला नंतर कळलं. तो भांडायला आला नव्हता. खुर्चीवर बसला, चष्मा लावला, बोट ठेवून म्हणाला, "हे पाय, तू लिहलं, ढाक्याले धडा शिकवा. ढाका म्हनजे कोन बे? यात मन्नानभाई कोठी हाय?" मी चिडलो. मला कोणी असं शिकवलेलं चालत नाही, हा माझा जुना रोग आहे. मी म्हणालो, "गुणवंता, तुझी संत्र्याची शेड आणि देशाचं धोरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुला त्यातलं कळत नाही." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ज्याच्या वह्यांवर मी शिकलो त्याला मी हे म्हणालो. त्याने पानाची घडी केली, खिशात ठेवली, "बरं हाय" म्हणाला आणि उठला. बायकोने चहा आणला तोवर तो फाटकाबाहेर गेला होता. त्यानंतर ना त्याचा फोन, ना माझा. दिवाळीला वहिनींनी फराळ पाठवला, मी डबा परत पाठवताना त्यात साखर घातली आणि मोठं काही केल्याच्या समाधानात राहिलो.

म्हणून दवाखान्यात त्याने ते काम माझ्या गळ्यात मारलं तेव्हा मला वाटलं, ही शिक्षा आहे. याने माझी बरोबर जिरवली. दहाव्याला कौंडण्यपूरला नदीवर सगळे जमलो होतो, तिथेच सागरने गुणवंताचा फोन माझ्या हातात दिला. "काका, बाबांनी सांगितलं होतं तुम्हाले द्या म्हनून." मी तो अकोल्याला आणला, कपाटात ठेवला, दर दोन दिवसांनी चार्ज केला आणि फोन लावला नाही. कारणं माझ्याकडे भरपूर होती. दिवस वाईट आहेत. तिकडे फोन केला तर उद्या कोणी काय म्हणेल? गावात माझं नाव आहे. सागरने तर तिकडचा धंदाच सोडला, तो आता माल केरळला पाठवतो. मन्नानभाईंना कुठून तरी कळेलच. अशा सगळ्या पळवाटा मी शोधल्या. खरं सांगू? मला भीती वाटत होती. सरकारची, लोकांची तर होतीच, पण त्याहून जास्त त्या माणसाची. गुणवंताने त्याला माझा लेख वाचून दाखवला असेल, आणि पलीकडून विचारणा होईल, तेव्हा मी काय सांगणार?

दसऱ्याला दुपारी, गुणवंताचा फोन पिशवीत टाकून, सोनं द्यायला राजापेठेत गेलो. वहिनी माजघरात बसल्या होत्या. मी आपट्याची पानं पुढे केली, त्यांनी घेतली आणि डोळे न उचलता विचारलं, "भाऊजी, केला का फोन?" मी नकारार्थी मान हलवली. "आज दसरा हाय," त्या म्हणाल्या, "तो मानूस सकायपासून वाट पायत असन. तुमच्यानं होत नसन तं मले लावून द्या. मले हिंदी येत नाई, पन रडता तं येते." ते ऐकून मला माझीच इतकी लाज वाटली की मी तिथेच, त्यांच्यासमोर, पिशवीतून फोन काढला.

दुसऱ्याच रिंगला उचलला गेला. "गुनोबोन्तोभाई! एतो देरी?" असा मोठा, हसरा आवाज. मी माझं नाव सांगितलं. म्हणालो, गुणवंता नहीं रहे. महिना हो गया. मग ते कोणाशी तरी बंगालीत बोलले, बाईचा आवाज आला, आणि मग त्यांनी मला विचारलं की आजार काय होता, शेवटी त्रास झाला का, किती लोक आले होते, भाभी जेवतात का. एकेक प्रश्न, अगदी घरच्यासारखा. मी उत्तरं देत होतो आणि मधेच माझ्या लक्षात आलं की चौतीस वर्षं त्या देशावर शिकवलं, पण तिथल्या माणसाशी मी बोलत होतो ते आयुष्यात पहिल्यांदा.

मग त्यांनी विचारलं, "आप ओई मास्टरशाब? ओकोला का मास्टरशाब?" मी हो म्हणालो. आता लेखाचं निघणार. ते म्हणाले, "गुनोबोन्तोभाई बोहुत बोलता था आपका बात. बोलता था, हमारा एक दोस्त है, दोनों देश का शोब जानता है, बोहुत बड़ा आदमी। गया साल भी बोला। हम पूछा, भाई, ये झोगड़ा कॉब तक? तो बोला, हमको नहीं मालूम, मास्टर को मालूम होगा, कभी बात करा दूँगा।"

गेल्या वर्षी. म्हणजे आमचं बोलणं बंद होतं तेव्हा. त्याच्या ट्रकमधली फळं माझ्या शब्दांच्या दिवसांत सडली होती, आणि हा माणूस परक्या देशात माझं नाव मोठं करत होता, आणि मेल्यावर का होईना, पण ठरल्याप्रमाणे आमची भेट घालून देत होता. मला रडू आवरेना.

"तो बोलिए मास्टरशाब," मन्नानभाई हळूच म्हणाले, "कॉब ठीक होगा?"

हाच प्रश्न मी दरवर्षी पेपरात घालत असे. पंधरा गुणांना. भारत आणि शेजारी राष्ट्रांच्या संबंधांचं भवितव्य सविस्तर लिहा. पोरं चार-चार पानं लिहायची, मी ती तपासायचो. त्या दुपारी मी म्हणालो, "मालूम नहीं, मन्नानभाई."

"ठीक है," ते म्हणाले, "तो भी आप फोन करते रहिएगा."

पुढच्या आठवड्यात मी फोन केला. सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांनी विचारलं, यंदा आंबिया बहार कसा आहे? मला काय ठाऊक असणार... मी म्हणालो, बागेत जाऊन येतो आणि सांगतो. आता सकाळच्या एसटीने मोर्शीला निघालो आहे.